न्यूमॅटिक प्लांटरनं सोयाबीन पेरलं तर तासात नांगे (मोकळ्या जागा) पडायलेत, सेटिंग नेमकं कसं लावायचं?

औसा_शिवार

राम राम मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुका. आम्ही तिघा भावांनी मिळून मागच्या साली चार तासाचं (एका वेळी चार ओळी पेरणारं) जुनं न्यूमॅटिक प्लांटर घेतलं, म्हणजे ते ब्लोअरच्या हवेनं प्लेटला बी ओढून धरतं आणि एक-एक दाणा टाकतं ते. आजवर आधी तिफण आणि नंतर ट्रॅक्टरचं साधं पेरणीयंत्र असं चालत होतं, एकरी ३० किलो बी जायचंच, कधी त्याच्याही वर. बियाणं वाचंल आणि झाड सारख्या अंतरावर येईल म्हणून हे घेतलं.

पहिल्या वर्षी सात एकर पेरलं. ओल चांगली, बियाणं घरचं, गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघितली तर ८२ आलेले, म्हणजे बियाण्यात खोट नव्हती. तरी उगवून आल्यावर रान बघून जीव खाली-वर झाला. पहिलं आणि तिसरं तास एकदम छान, दुसऱ्या तासात हात-हातभर, कुठं दोन-दोन फूट काहीच नाही, आणि चौथ्या तासात दोन-दोन तीन-तीन रोपं एकाच जागी. वर प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला बांधाकडंचं सहा-आठ फूट मोकळंच. आईनं आणि बायकोनं आठवडाभर वाकून नांगे भरले, पण मागून टोकलेलं झाड पुढच्याच्या सावलीत दबून गेलं, त्याला शेंगा धरल्याच नाहीत म्हणा.

ज्यानं विकलं तो म्हणतो मशीन चांगलं आहे तुम्हाला चालवता येत नाही. असंलही तसं, आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आता मे संपत आलाय, मृग लागायला थोडेच दिवस राहिले. तासाचं अंतर ४५ सें.मी. ठेवलंय, दाण्यातलं ५ सें.मी. पाहिजे. काय काय तपासू, कुठून सुरुवात करू, सविस्तर सांगा. आईला यंदा परत वाकायला लावायचं नाही.

वाशिमचा_ट्रॅक्टरवाला

भाऊ, मी भाड्यानं पेरणी करतो, तीन सीझन झाले न्यूमॅटिकवर. तुमचं ते बांधाजवळचं मोकळं राहणं आहे ना, त्याचं कारण मी डोळे झाकून सांगतो, ड्रायव्हर धुऱ्यावर वळतांनी थ्रॉटल कमी करते. साध्या पेरणीयंत्रात त्यानं काही बिघडत नाही कारण तिथं बी चाकानं पडते, पण इथं दाणा प्लेटला चिकटून असतो तो फक्त हवेच्या ओढीनं. ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर फिरते, इंजिन खाली आलं की ओढ गेली, ओढ गेली की प्लेटवरचे सगळे दाणे परत डब्यात पडले. मग तुम्ही वळून मशीन खाली टेकवता अन् निघता, तवा प्लेट रिकामी असते, ती भरेपर्यंत सहा-आठ फूट गेलेच.

म्हणून वळतांनी पीटीओ बंद करायचा नाही आणि इंजिनचे आरपीएम पाडायचे नाहीत. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर पाहिजे म्हणजे पाहिजे. मीटरवर त्याची खूण असते, माझ्या ट्रॅक्टरला तिथं इंजिन १८०० च्या आसपास येते, तुमच्याचं पुस्तकात पाहून घ्या आणि तिथं मार्करनं रेघ मारा म्हणजे चालवणाऱ्याला डोळ्यासमोर दिसते. दिवसाच्या पहिल्या फेऱ्याआधी ब्लोअर चालू करून चाक हातानं एक-दोन फेऱ्या फिरवून घ्या, प्लेट भरल्याचं डोळ्यानं पाहा, मग निघा.

आता स्पीड. बहुतेक लोक इथंच चुकून राहिले. आरपीएम कायम ठेवायचे आणि स्पीड गिअरनं ठरवायचा, थ्रॉटलनं नाही. ४ ते ५ किलोमीटरच्या वर सोयाबीनला जाऊ नका. मीटरवर विश्वास ठेवू नका, रानात ५० मीटरवर दोन काड्या रोवा आणि मोबाईलचं घड्याळ लावा, ३६ सेकंद लागले तर ताशी ५ किलोमीटर, ४५ लागले तर ४. तीस सेकंदाच्या आत गेले तर गिअर खाली घ्या. पाऊस आभाळात दिसला की प्रत्येकाला घाई सुटते, मलाही मालक मागून हाका मारतेत की जरा दाबा म्हणून, पण मी ऐकत नाही कारण दहा दिवसांनी तेच लोक रानात उभे राहून तास मोजतेत.

अवजारं_परभणी

वरच्या भावांनी थ्रॉटलचं बरोबर सांगितलंय, पण त्यानं चारही तासांत सारखाच फरक पडला असता. तुमच्याकडं दुसऱ्याला तूट आणि चौथ्याला दाट आहे, म्हणजे त्या-त्या डब्यातच काहीतरी आहे. मी वर्कशॉप चालवतो, दर मे महिन्यात अशी चार-सहा मशीनं येतात, त्यातल्या बहुतेकांत निघतं ते एवढंच.

दुसरं तास आधी घ्या. ब्लोअरपासून त्या डब्यापर्यंत येणारा रबरी पाइप काढून उजेडात धरा आणि वाकवून बघा, चीर नुसती बघितल्यानं दिसत नाही, वाकवल्यावर उघडते. क्लिपजवळ हमखास असते. आत फुंकून बघा, वर्षभर शेडमध्ये पडलेल्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते, मी स्वतः तीन मशीनींत काढलंय. मग प्लेटच्या मागचं सील बघा, ते झिजलं किंवा त्यावर मातीचा थर बसला की हवा बाजूनं ओढली जाते आणि भोकाला जोर राहत नाही. ब्लोअरचा पट्टा ढिला असेल तर तो चारही तासांना नडेल, तरी बघून घ्या. व्हॅक्यूमचं घड्याळ असेल तर पिकाप्रमाणं आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, काटा तिथं स्थिर पाहिजे, थरथरत असेल तर समजा कुठंतरी गळती आहे.

चौथ्या तासात बहुतेक दुहेरी दाणा काढणारी पट्टी मागं राहिलेली असणार. प्लेटच्या वरच्या बाजूला दातेरी पट्टी असते, तिच्या बाजूला आकडे असतात, भोकाला दोन दाणे चिकटले तर ती एकाला ढकलून खाली पाडते. भोकापासून जास्त लांब राहिली तर दोन-दोन दाणे जातात, जास्त जवळ आणली तर एकुलता एक पण पाडते आणि नांगा होतो. चारही डब्यांवर एकच आकडा ठेवून सुरुवात करा, मग एकेक घर पुढं-मागं.

आणि प्लेट! जुनं मशीन घेतलंय म्हणून विचारतो, चारही प्लेटा सोयाबीनच्याच आहेत का? एखादी मक्याची राहून गेली असेल तर वाटेल तेवढं सेटिंग करा, जुळणार नाही. भोक दाण्याच्या निम्म्याहून थोडं मोठं लागतं, सोयाबीनला साधारण चार ते साडेचार मिलिमीटर. त्यातही घरचं बियाणं चाळून घ्या, बारीक डाळ झालेले तुकडे भोकात अडकून बसतात आणि तेवढं भोक पुढं दिवसभर रिकामं फिरतं.

दाण्याच्या अंतराचा हिशोब असा. चाक ६० सें.मी. व्यासाचं असेल तर एका फेरीत १८८ सें.मी. जातं. चाकाच्या एका फेरीत प्लेट किती फिरते ते खुणा करून बघा, समजा अर्धी फिरली आणि प्लेटला ७२ भोकं आहेत, तर ३६ दाणे पडले, १८८ भागिले ३६, म्हणजे सव्वापाच सें.मी. एवढं अंतर चालतं. जमत नसेल तर साखळीचं दातेरी चक्र बदलायचं. रानात चाक थोडं घसरतं हे विसरू नका, चाकाला खडूनं खूण करून दहा फेऱ्यांचं अंतर टेपनं मोजा, १८.८ मीटरच्या जागी २० भरलं तर सहा टक्के घसरतंय, तेवढं बी कमी पडणार.

हे सगळं झाल्यावर रानात जायच्या आधी घरीच एक करा. अंगणात किंवा खळ्यावर वीसेक फूट लांब शेणाचा दाट सडा घाला, सारवतात तसा, आणि ओला असतानाच फण जमिनीपासून दोन बोटं वर राहतील पण प्लेट फिरवणारं चाक टेकलेलं राहील असं मशीन धरून त्याच्यावरून चालवा, पीटीओ ५४०, गिअर तोच जो रानात लावणार. दाणा जिथं पडला तिथंच रुतून बसतो, घरंगळत नाही. मग टेप घेऊन बसा. कागदावरचा कुठलाही हिशोब यापुढं टिकत नाही, मशीन काय करायलंय ते जमिनीवर लिहून दिल्यासारखं दिसतं.

हिंगोलीची_लेक

दादा, माझ्याकडं न्यूमॅटिक नाही, साधं बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र) आहे गटाचं, आमच्या बचत गटातल्या बायका मिळून चालवतो, तरी दोन गोष्टी सांगते कारण त्या सगळ्याच यंत्रांना लागू होतात.

एकरी किती बी लागतं हे पहिलं स्वतः काढा, दुकानदाराच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. ४५ बाय ५ वर एकरात पावणेदोन लाखाच्या थोडे वर दाणे बसतात, १,७८,००० धरा. तुमच्या बियाण्याचे शंभर दाणे सोनाराकडच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोला. १२ ग्रॅम भरले तर २१ किलो होतं, उगवण ८२ टक्के म्हणजे २६ किलो. दाणा टपोरा असला, फुले संगमसारखा, तर वजन वाढतं, जेएस ३३५ ला जे किलो लागतात तेवढेच किलो त्याला टाकले तर झाडं कमीच येणार. हे आम्हाला आमच्या पहिल्या वर्षी कळलं नव्हतं.

आम्ही बीबीएफ जॅकवर उचलून चाक ५० वेळा फिरवतो, चारही नळ्यांखाली पिशव्या बांधतो. आमच्या चाकाचा घेर १८८ सें.मी., एका फेऱ्यात सरी धरून १८० सें.मी. रुंदी जाते, म्हणजे १७० चौरस मीटरच्या आसपास झालं, एकरात असे २४ तुकडे. एकरी २२ किलो टाकायचं असेल तर चारही पिशव्या मिळून ९२० ग्रॅम भरायला पाहिजे, एकेकीत २३०. एखादीत १९० भरलं की तिथंच थांबतो. तुमची रुंदी जी असेल ती धरा.

आणि खोली! सगळे दाण्याच्या अंतरावर बोलतात, खोलीवर कुणी बोलत नाही. सोयाबीन ३ ते ४ सें.मी., पाचच्या खाली गेलं की आमच्या काळ्या रानात येत नाही, वरून एक जोराचा पाऊस पडून पापडी धरली की कोंब मान मोडून आतच राहतो. ट्रॅक्टरच्या चाकामागचे फण जास्त दबलेल्या मातीत चालतात आणि बाकीचे भुसभुशीत, त्यामुळं चौघांची खोली एकसारखी ठेवायला प्रत्येकाची खोलीची चाकं वेगळी लावावी लागतात. पहिल्या फेऱ्यानंतर दहा पावलं मागं चालत या, चारही तासांत बोटानं माती बाजूला सारून दाणा शोधा, पट्टीनं मोजा. माझी सासू चाड्यावर मूठ धरून पेरायची तेव्हा पण मधूनच थांबून पायानं माती सरकवून बघायची, मी तिच्याकडून शिकले.

मागच्या वर्षीची झाडं मोजून ठेवली होती का? ४५ च्या तासात ९ मीटर दोरी धरा, त्यातली रोपं मोजा आणि हजारानं गुणा, एकरातली झाडं येतात. १५०-१६० रोपं सापडली तर काळजी नाही, सोयाबीन फांद्या फोडून थोडी विरळ जागा भरून काढतं. पण दोन फुटांचा नांगा फांदीनं भरत नाही, तिथं तण येतं.

प्रेअरीवरून_जालनेकर

नमस्कार, मी मूळचा जालन्याचा, गेली काही वर्षं कॅनडात सस्कॅचेवानमध्ये एका मोठ्या फार्मवर काम करतोय. आपल्याकडं जी मसूर डाळ बाहेरून येते ती बरीचशी इकडचीच, पेरायला मी स्वतः असतो म्हणून लिहावंसं वाटलं.

इकडं एअर सीडर चालतं, ते तुमच्या प्लांटरपेक्षा वेगळं आहे, दोघांची गल्लत करू नका, कारण नेटवर व्हिडिओ बघून लोक एअर सीडरचं सेटिंग प्लांटरला लावायला बघतात. प्लांटर हवा ओढून एकेक दाणा धरतं. एअर सीडरमध्ये एक मोठी टाकी असते, खाली रोलर बी मोजून सोडतो आणि पंखा ते पाइपातून फुंकत साठ-सत्तर फूट रुंद यंत्राच्या प्रत्येक फणापर्यंत नेतो. तिथं दाण्यातलं अंतर कुणी मोजत नाही, एकरी किलो आणि प्रत्येक पाइपाला सारखा वाटा एवढंच बघतात. गहू, मसूर, वाटाणा, कॅनोला याला ते ठीक आहे.

पण तिथली एक गोष्ट तुमच्या कामाची. पंख्याचा वेग. कमी ठेवला तर पाइप तुंबतात आणि एक-एक फण शेवटपर्यंत कोराच जातो, मागून कुणाला पत्ता नाही. जास्त ठेवला तर मसूर आणि वाटाणा पाइपाच्या वळणावर आपटून फुटतो, वरून दाणा सरीत पडून परत उसळून बाहेर येतो. म्हणून आम्ही मे महिन्यात पहिल्या दिवशी फणाखाली पिशवी धरून बी गोळा करतो आणि टाकीतल्या बियाण्याशेजारी ठेवून बघतो, फुटलेले दाणे किती वाढले. सोयाबीनची साल तर वाटाण्यापेक्षाही नाजूक. तुमच्या यंत्रात बी फुंकलं जात नाही, तरी ती दातेरी पट्टी जास्त घट्ट असेल तर सालं उडतात. डब्यातून पडलेले शंभर दाणे घेऊन परत उगवण लावून बघा. पोत्यातल्या बियाण्याची ८२ आणि यंत्रातून गेल्यावरची ७० असं निघालं तर दोष कुठं आहे ते कळलं.

हिवाळा संपला की पाइप आतून बघणं इकडंही पहिलं काम, इकडं माशीच्या जागी उंदीर असतो एवढाच फरक.

औसा_शिवार

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू. चार दिवस भाऊ आणि मी याच्यातच होतो.

परभणीच्या दादांनी सांगितलं तसं आईला सडा घालायला सांगितला, ती म्हणे पेरणीच्या आधी ट्रॅक्टर अंगणात कशाला, पण मग कळल्यावर तिनंच चांगला जाड सारवून दिला. वीस फूट. ५ सें.मी. नं धरलं तर प्रत्येक तासात १२२ दाणे पडायला पाहिजेत. माझी पोरगी सहावीला आहे, ती खडू घेऊन बसली आणि एकेक दाणा मोजला. पहिलं तास ११८, दुसरं ७१, तिसरं ११५, चौथं १४९. मागच्या वर्षी रानात जे बघितलं होतं ते सगळं अंगणात समोर मांडलेलं. मी आणि भाऊ दोन मिनिटं नुसते बघतच उभे राहिलो.

मग दुसऱ्याचा पाइप काढला. फुंकला तर साफ, हातात घेऊन बघितला तर चांगला, आणि वाकवला तशी क्लिपच्या अगदी मागं बोटभर चीर उघडली. खाली ठेवला की परत मिटते, दिसत पण नाही. नवीन पाइप टाकला. चौथ्याची पट्टी बाकीच्यांपेक्षा तीन घरं मागं होती, सारखी केली. प्लेटा चारही सोयाबीनच्याच निघाल्या, पण तिसऱ्या प्लेटमध्ये दोन भोकांत डाळीचे तुकडे घट्ट बसले होते, टाचणीनं काढले. परत सडा, परत मोजणी, ११९, ११४, ११८, १२१. पोरगी म्हणे आता सगळे सारखे पास झाले.

यंत्रातून पडलेले शंभर दाणे पोत्यात ठेवले होते, आज ८० आले. म्हणजे साल उडत नाही.

आता एकच राहिलं. आम्ही बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम लावतो. मागच्या वर्षी लावल्यावर दाणे एकमेकाला चिकटत होते, डब्यात गोळे होत होते. रायझोबियम सोडायचं का मग?

अवजारं_परभणी

सोडू नका, सोयाबीनला त्याच्या गाठींचं नत्र लागतं. १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, पण गुळाचं पाणी बेतानं, दाण्याला हात लावला तर बोट ओलं व्हायला नको. पेरणीच्या आधी सावलीत पातळ पसरून सुकू द्या, उन्हात नाही, आणि हातातून सुटा दाणा घरंगळला पाहिजे. डब्यात भरताना वरून थोडी ग्राफाइट पावडर किंवा शंखजिरं मिसळा, दाणे सुटे राहतात. गोळा झालेल्या बियाण्यानं भोकं भरत नाहीत. दर दोन एकराला डबा उघडून प्लेट फडक्यानं पुसा, औषधाची भुकटी सीलवर बसते.

वाशिमचा_ट्रॅक्टरवाला

आणि खताच्या डब्याचं पाहून घ्या भाऊ. खत बियाण्याच्या बाजूला दोन इंचावर आणि थोडं खाली पडलं पाहिजे, दाण्यावरच पडलं तर कोंब जळते, अन् लोक म्हणतेत मशीननं नांगे पाडले. खताची नळी वाकून बियाण्याच्या नळीला चिकटलेली मी दोन ठिकाणी पाहिली. वाफसा नसतांनी तर बिलकुल उतरू नका, दाबचाकाला माती चिकटली की खोलीचा सगळा हिशोब गेला.

औसा_शिवार

नळी बघितली, आमची पण थोडी वाकलेलीच होती, लोखंडी पट्टी मारून सरळ केली. इंजिनच्या मीटरवर लाल मार्करनं रेघ मारलीय, ट्रॅक्टर धाकटा भाऊ चालवतो, त्याला ५० मीटरचं ३६ सेकंद तीनदा करून दाखवायला लावलं, लो-दोनमध्ये बरोबर बसतंय. शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय रानात जायचं नाही असं तिघांचं ठरलंय. पेरणी झाली की आठव्या-दहाव्या दिवशी ९ मीटरची दोरी घेऊन चारही तासांचे आकडे इथंच टाकतो.